'येणार येणार' म्हणतात त्या टूरिंग गाडीचं माप कसं काढायचं

नव्या टूरिंग गाडीचा, म्हणजे लांबच्या प्रवासाच्या मोटारसायकलचा, एखादा धूसर फोटो फिरायला लागला की दोन दिवसांत तिची ताकद, टाकी, किंमत आणि लाँचची तारीख, सगळं लोकांनी ठरवून टाकलेलं असतं. गाडी अजून चाकणच्या किंवा ओरगडमच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर धड पडलेलीही नसते. त्यातलं सगळंच खोटं नसतं. खरं कुठलं आणि भरीचं कुठलं हे ओळखायला एक कसोटी पुरते: ही गोष्ट आता बदलायची झाली तर कंपनीला किती खर्च येईल?

फ्रेम, इंजिनाचं ओतकाम, रेडिएटरची जागा, चाकांचा आकार या गोष्टींचे साचे एकदा तयार झाले की पुन्हा हात लावणं परवडत नाही. फोटोत दिसतात तशाच त्या बहुधा शोरूममध्ये येतात. रायडिंग मोड, क्रूझ कंट्रोल, सस्पेन्शनचा ट्रॅव्हल (चाक वरखाली किती हलतं ते), रंग आणि किंमत मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत फिरत राहतात. गंमत अशी की अफवा नेमक्या या दुसऱ्या गटाबद्दलच जास्त असतात.

आधी पाटी, मग साडीगार्ड

फोटो आला की हेडलाइटकडे नंतर बघा, आधी नंबरप्लेट बघा. लाल पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे ट्रेड सर्टिफिकेट, गाडीची नोंदणी अजून व्हायची आहे. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं म्हणजे तात्पुरती नोंदणी. त्याच ताफ्यात साध्या पांढऱ्या पाटीची दुसऱ्याच कंपनीची गाडी पळताना दिसली, तर ती बहुधा तुलनेसाठी विकत घेतलेली असते. तिच्याकडे नीट लक्ष द्या. नवी गाडी कोणाच्या पोटावर पाय द्यायला निघाली आहे आणि किंमत साधारण कोणाच्या आसपास ठेवायचा विचार आहे, हे त्या एका गाडीवरून जितकं कळतं तितकं दहा मथळ्यांवरून कळत नाही.

मग मागच्या चाकाची डावी बाजू. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी धरायला आधार, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारं संरक्षण लागतं. तेच आपलं साडीगार्ड. सुरुवातीच्या चाचणी-गाड्यांवर ते नसतं, कारण इंजिनिअरला तेव्हा त्याचं काही पडलेलं नसतं. साडीगार्ड, पुढची नंबरप्लेट बसवायची पट्टी आणि रिफ्लेक्टर हे तिन्ही एका फोटोत दिसले की गाडी भारतीय मंजुरीच्या टप्प्याला आली असं समजायला हरकत नाही. उलट साडीगार्ड नाही आणि पाटीची चौकट युरोपी मापाची असेल, तर ती बहुधा निर्यातीची गाडी आहे. फोटो पुण्याच्या रस्त्यावर काढला म्हणून ती पुण्यात विकली जाईल असं नाही.

बाकी टप्पे ढोबळ असे. जुन्या गाडीच्या अंगात नवं इंजिन बसवलेलं दिसलं तर दोन वर्षं तरी विसरा. स्वतःची फ्रेम आहे पण काळं ओबडधोबड प्लास्टिक, उघड्या वायरी आणि सायलेन्सरला वायर जोडलेला सेन्सर आहे, तर वर्ष ते दीड वर्ष. पॅनेलचे सांधे जुळलेले आणि अंगावर फक्त नक्षीचे स्टिकर असतील तर सहा ते नऊ महिने. अंगावर काहीच नाही, सोबत कॅमेऱ्याची गाडी आणि जागा स्पितीची किंवा लडाखची, म्हणजे जाहिरातीचं चित्रीकरण चाललंय आणि लाँच दाराशी आलंय.

चाचणी-गाडीवर लटकलेलं सामान मात्र हिशेबात धरू नका. मागच्या पेट्यांत बहुतेक वेळा वाळू किंवा पाणी भरलेलं असतं आणि टाकीवरचा डबा नोंदी घेणाऱ्या यंत्राचा असतो. आरसे आणि स्विचेस दुसऱ्या मॉडेलचे उचललेले असतात. उंच विंडस्क्रीन दिसली की लगेच 'टूरिंग व्हेरियंट' असं नाव पडतं, पण ती काच उद्या निघूही शकते.

फोटोवरून माप घेताना

हे काम मोबाइलवरही होतं, फक्त फोटो अगदी बाजूने काढलेला हवा. तपासायची रीत सोपी आहे. चाकाची रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये मोजा. रुंदी उंचीच्या ९७ टक्क्यांपेक्षा कमी भरली तर गाडी १४ अंशांपेक्षा जास्त तिरकी उभी आहे, तो फोटो सोडून द्या. चालत्या कारच्या खिडकीतून अगदी जवळून काढलेले फोटोही नकोत, कारण जवळचं चाक फुगून दिसतं.

पट्टी म्हणून टायर वापरा. टायरचा व्यास काढायचा तर रिमचे इंच गुणिले २५.४, त्यात टायरच्या भिंतीची उंची दोनदा मिळवायची. ९०/९०-२१ टायर म्हणजे ९० मिलिमीटर रुंद आणि २१ इंची रिमचा. त्याची भिंत रुंदीच्या ९० टक्के, म्हणजे ८१ मिलिमीटर. ५३३ अधिक १६२, व्यास ६९५ मिलिमीटर. याच रीतीने १००/९०-१९ चा ६६३ येतो, १४०/८०-१७ चा ६५६ आणि १५०/७०-१७ चा ६४२.

आता हे आकडे शेजारी ठेवून बघा. पुढे १९ इंची आणि मागे १७ इंची चाक असलेल्या गाडीचे दोन्ही टायर बाहेरून जवळजवळ सारख्याच उंचीचे भरतात. म्हणून 'पुढचं चाक मोठं दिसतंय, २१ इंची असणार' हा अंदाज डोळ्यांनी केला की हमखास चुकतो. टायर सोडा आणि धातूची रिम मोजा. रिमच्या कडेची साधारण २८ मिलिमीटर भर धरली तर पुढची रिम भागिले मागची रिम हे उत्तर २१-१७ च्या जोडीला १.२२ च्या आसपास येतं आणि १९-१७ ला १.११ च्या. हा फरक मोबाइलच्या पडद्यावरही पकडता येतो.

रिम कळली की टायर कळला आणि टायर कळला की व्हीलबेस निघतो. समजा पुढचा ९०/९०-२१ टायर फोटोत २७८ पिक्सेल उंच आहे. ६९५ भागिले २७८, म्हणजे एका पिक्सेलला २.५ मिलिमीटर. दोन्ही आसांच्या केंद्रांमधलं अंतर ६०४ पिक्सेल भरलं तर व्हीलबेस १५१० मिलिमीटर. रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४५० चा अधिकृत आकडा नेमका हाच आहे. चार-पाच वेगवेगळ्या फोटोंवरून काढलेली उत्तरं २० मिलिमीटरच्या आत राहिली तर विश्वास ठेवा. ती ५०-६० ने इकडेतिकडे पळत असतील तर फोटोच वाईट आहेत.

सीटच्या उंचीत सगळ्यात जास्त घोळ होतो, आणि आपल्याकडे गाडी घ्यायची की नाही हे ठरतं ते नेमकं याच आकड्यावर. छापलेली उंची रिकाम्या गाडीची असते, फोटोत मात्र वर माणूस बसलेला असतो. २०० मिलिमीटर ट्रॅव्हलची टूरिंग गाडी बसल्यावर मागून चांगलीच दबते. सीट आसाच्या बरीच पुढे असल्याने सीटपाशी हा फरक साधारण २५ ते ४० मिलिमीटर धरावा. फोटोवरून ८०० निघालं तर शोरूममध्ये ८३० ची तयारी ठेवा. आणि चालवणाऱ्याच्या उंचीवरून गाडीचा आकार काढायचा प्रकार तर पूर्ण बंद करा. चाचणी करणारा पाच फूट चारचा आहे की सहा फुटी, हे आपल्याला माहीत नसतं.

टाकी किती लिटरची हे फोटोवरून सांगता येत नाही. कोणी सांगत असेल तर तो बाहेरचं प्लास्टिक मोजतोय. आजच्या गाड्यांत टाकीच्या आकाराच्या आत एअर फिल्टरही दडलेला असतो, त्यामुळे बाहेरून १८ लिटरची वाटणारी टाकी आत १३ ची निघते.

केबल, स्क्रू आणि दातेरी चकती

फीचर्सच्या यादीतला बराचसा भाग एका जागी बघून कळतो: उजव्या मुठीखाली. तिथून दोन बारीक केबल निघून फ्रेमकडे जात असतील तर थ्रॉटल (अॅक्सिलरेटर) बहुधा जुन्या पद्धतीचा आहे आणि त्यावर क्रूझ कंट्रोल येणार नाही. केबल नाहीत, फक्त वायरचा जाड जोड आहे, तर थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक. मग रायडिंग मोड आणि क्रूझ कंट्रोल शक्य आहेत. शक्य म्हणजे मिळणारच असं नव्हे. तेच हार्डवेअर ठेवून स्वस्त व्हेरियंटमध्ये सॉफ्टवेअर बंद ठेवायची पद्धत आता रुळली आहे.

गिअरच्या दांड्यावर मध्येच वायर लावलेला जाडसर तुकडा असेल तर क्विकशिफ्टर, म्हणजे क्लच न दाबता गिअर बदलायची सोय. फोर्कच्या टोकाला रंगीत स्क्रू दिसले तर अॅडजस्टमेंट आहे. एका पायावर रिबाउंड (दबलेला फोर्क वर येण्याचा वेग) आणि दुसऱ्यावर कॉम्प्रेशन (दबण्याचा वेग) अशी विभागणी बऱ्याच गाड्यांत असते, त्यामुळे एकाच बाजूचा फोटो बघून 'फक्त रिबाउंड दिलंय' म्हणू नका. ब्रेक कॅलिपर फोर्कला मागून बोल्टने जोडलेला असेल तर रेडियल, बाजूने असेल तर साधा. डिस्कच्या आत दातेरी चकती म्हणजे त्या चाकाला एबीएस आहे. तो बंद करता येईल का आणि वळणावर काम करणारा आहे का, हे मात्र कुठल्याही फोटोत दिसत नाही. त्याचा सेन्सर सीटखाली असतो. जो कोणी फोटोवरून 'कॉर्नरिंग एबीएस पक्का' म्हणतो तो हवेत बोलतोय.

टूरिंगच्या दृष्टीने खरी महत्त्वाची जागा आहे मागची सबफ्रेम, म्हणजे सीट आणि सामान तोलणारा सांगाडा. ती मुख्य फ्रेमला बोल्टने जोडली आहे की वेल्ड केली आहे, ते बघा. पेट्या, तंबू आणि मागे माणूस घेऊन खराब रस्त्यावर पडलात तर आधी वाकते ती सबफ्रेम. बोल्टची असेल तर तेवढीच बदलता येते. वेल्डची असेल तर गावातला वेल्डरही तात्पुरती सरळ करून देतो, पण नीट दुरुस्तीला अख्खी फ्रेम बदलावी लागू शकते आणि मग इन्शुरन्सवाल्याशी लांबण लागते. पेट्यांच्या स्टँडसाठी आटे पाडलेली भोकं चाचणी-गाडीवर आहेत का तेही शोधा. ती असतील तर कंपनी सामानाचा विचार करूनच बसली आहे. नसतील तर 'टूरर' हे विशेषण जाहिरात विभागाचं.

कागद काय बोलतात

फोटोपेक्षा मंजुरीचे कागद भरवशाचे. भारतात गाडी विकण्याआधी पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट अशा संस्थेकडून मान्यता घ्यावी लागते. त्या कागदांतले आकडे अधूनमधून बाहेर येतात. त्यात लांबी, रुंदी, व्हीलबेस, इंजिनाची क्षमता, किलोवॉटमध्ये ताकद आणि सामानासकटचं एकूण वजन असतं.

ताकद मोजायची आणखी दोन एककं आहेत: किलोवॉटला १.३६ ने गुणलं की पीएस, १.३४१ ने गुणलं की बीएचपी. हिमालयन ४५० च्या लाँचआधी बाहेर आलेल्या कागदात २९.४४ किलोवॉट होते. त्याचे ४० पीएस होतात आणि ३९.५ बीएचपी. एकाच इंजिनाचे तीन आकडे, पण वाचणाऱ्यांनी त्यावरून तीन वेगळे ट्यूनिंग काढले.

त्याच कागदात एकूण वजन ३९४ किलो होतं. बऱ्याच जणांनी वाहून न्यायचं वजन १८०-१९० किलो धरलं आणि गाडी २१० च्या आसपास भरेल असं जाहीर केलं. प्रत्यक्षात कंपनीने १९८ किलो भार धरला होता आणि गाडी १९६ किलोची निघाली. चूक वजाबाकीत नव्हती, गृहीत धरलेल्या भारात होती. म्हणून एकूण वजनावरून गाडीचं वजन काढताना एक आकडा न देता १८० ते २०० किलो भार धरून दोन टोकं काढा. टूरिंग गाडीत दोन माणसं आणि सामान धरलेलं असल्याने खरं उत्तर बहुधा हलक्या टोकाकडे असतं.

परदेशी बातम्यांतला 'ड्राय' वजनाचा आकडा आला तर त्यात पेट्रोल धरलेलं नसतं, बहुधा बाकीचे द्रवही नसतात. पेट्रोल लिटरला साधारण ०.७४ किलो. १७ लिटरच्या टाकीचे साडेबारा किलो, वर इंजिन ऑइल आणि कूलंट. १६ ते १८ किलो मिळवून मग तुलना करा.

युरोपातल्या आकड्यांत अजून एक किल्ली असते. तिथल्या ए-२ या मधल्या ताकदीच्या मोटारसायकलींच्या परवान्याला ३५ किलोवॉटची मर्यादा आहे, म्हणजे ४७.६ पीएस, आणि दर किलो वजनामागे ०.२ किलोवॉटपेक्षा जास्त ताकद चालत नाही. ३५ भागिले ०.२, बरोबर १७५ किलो. बीएमडब्ल्यूने नोव्हेंबर २०२४ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात एफ ४५० जीएसची संकल्पना ४८ अश्वशक्ती आणि १७५ किलो वजनासकट मांडली, तेव्हा हे दोन्ही आकडे कुठून आलेत ते नियम माहीत असलेल्याला लगेच कळलं. वर्षभराने तिथेच आलेली विक्रीची गाडी १७८ किलोची होती. ताकद तीच, इंजिन मात्र ४२० सीसीचं, नावात ४५० असूनही. नावातला आकडा मोजमाप म्हणून कधीच वापरू नये.

पेटंट आणि नावनोंदणीच्या बातम्यांना मात्र फार वेळ देऊ नका. पेटंटचा अर्ज साधारण १८ महिन्यांनी उघड होतो, म्हणजे वाचताय तो विचार दीड वर्ष शिळा आहे. त्यातली बरीच पेटंटं स्पर्धकाची वाट अडवण्यापुरतीच असतात. नावांचंही तसंच. रॉयल एनफील्डने 'शेर्पा' नाव नोंदवलं तेव्हा नव्या गाडीची चर्चा रंगली, पुढे ते हिमालयन ४५० च्या इंजिनाचं नाव निघालं. डिझाइनची नोंदणी तेवढी बघावी. त्यातली चित्रं विक्रीच्या गाडीच्या बरीच जवळची असतात.

मंडपातली गाडी आणि शोरूममधली गाडी

गोव्यात डिसेंबर २०२४ मध्ये, इंडिया बाइक वीकला केटीएमने ३९० अॅडव्हेंचर आर दाखवली. २३० मिलिमीटर ट्रॅव्हल, ८७० मिलिमीटर सीट. बघणाऱ्यांचे डोळे दिपले. जानेवारी २०२५ मध्ये भारतात विक्रीला आली ती २०० मिलिमीटर ट्रॅव्हलची साधी ३९० अॅडव्हेंचर आणि तिच्याखाली एक्स. फ्रेम आणि इंजिन तेच, ३९९ सीसी. बदलला तो सस्पेन्शनचा ट्रॅव्हल, म्हणजे स्वस्तात बदलता येणारा भाग.

हिमालयन ४५० चं ट्यूबलेस स्पोक चाक हे दुसरं उदाहरण. नोव्हेंबर २०२३ ला गाडी आली तेव्हा भारतातल्या गाडीला ट्यूबवालीच चाकं होती आणि ट्यूबलेस २०२४ मध्ये मिळायला लागली. ज्यांनी पहिल्याच महिन्यात गाडी उचलली त्यांना ती वेगळी विकत घ्यावी लागली, नाहीतर आडवाटेला टायर खोलून ट्यूब काढायची कसरत.

तेव्हा मंडपातल्या गाडीशेजारची माहितीची पाटी वाचताना दोन रकाने पाडा. एकात इंजिन, फ्रेम, रिमचा व्यास आणि टाकी. दुसऱ्यात सस्पेन्शन, टायरचा ब्रँड, चाकाचा प्रकार, स्क्रीन, इलेक्ट्रॉनिक्स आणि पेट्या. पहिल्या रकान्यावर भरवसा ठेवून लांबचे बेत करा. दुसऱ्या रकान्यातल्या एकाच गोष्टीसाठी गाडी घेणार असाल तर भारतीय ब्रोशर हातात येईपर्यंत टोकन देऊ नका.

मंडपातून शोरूमपर्यंतचा वेळही बघा. टीव्हीएसने २९९ सीसीचं नवं इंजिन डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या आपल्या मोटोसोल मेळाव्यात दाखवलं, पुढच्याच महिन्यात दिल्लीच्या प्रदर्शनात गाडी मांडली आणि अपाचे आरटीएक्स ३०० विक्रीला आली १५ ऑक्टोबर २०२५ ला. इंजिन तयार, गाडी तयार, तरीही दहा महिने. 'दिवाळीपर्यंत येतेय' असं कोणी फेब्रुवारीत म्हणालं तर त्यात काही चुकीचं नसतं, फक्त कुठली दिवाळी ते विचारून घ्यावं.

किंमत: ३५० सीसीची रेघ

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर जीएसटी १८ टक्के आणि त्यावर ४० टक्के आहे. त्याआधी खालच्या गाड्यांना २८ आणि वरच्यांना सेससकट ३१ टक्के होता. तीन टक्क्यांची फट बावीसवर गेली. तेव्हापासून प्रत्येक कंपनीचं ४०० सीसीचं इंजिन ३५० च्या आत कधी येणार याच्या बातम्या सुरू झाल्या, आणि त्यामागचं गणित पक्कं आहे.

करापूर्वी दोन लाखांची गाडी घ्या. १८ टक्क्यांनी ती २,३६,००० ला पडते, ४० टक्क्यांनी २,८०,००० ला. फरक ४४,००० चा. महाराष्ट्रात क्षमतेनुसार १० ते १२ टक्के रोड टॅक्स आहे. या मोठ्या इंजिनांना १२ धरला तर फरक ४९,२८० होतो. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि २०२२ च्या दरपत्रकात १५० ते ३५० सीसीला तो ७,३६५ रुपये, ३५० च्या वर १५,११७. आणखी ७,७५२ धरले की एकूण ५७ हजार. एवढ्यात चांगल्या पेट्या, क्रॅशगार्ड, जॅकेट आणि लडाखच्या वारीचं पेट्रोल बसतं.

पण इंजिन छोटं करून गाडी स्वस्त झाली म्हणजे तीच गाडी स्वस्तात मिळाली असं समजू नका. पेट्या लावून, मागे माणूस घेऊन घाट चढताना आधी जाणवतो तो टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर. अफवेतले पीएस बाजूला ठेवा, टॉर्क किती आणि किती आरपीएमला तेवढं बघा. हिमालयन ४५० ला ४० न्यूटन मीटर ५,५०० ला मिळतात, आरटीएक्सला २८.५ न्यूटन मीटर ७,००० ला. एकटा माणूस हायवेने जाणार असेल तर दुसरी हलकी आणि पुरेशी आहे. दोघं आणि सामान असेल तर आंबेनळी घाटात पहिल्याच चढाला फरक कळेल.

किंमत ठरवणारी दुसरी गोष्ट म्हणजे गाडी कुठे बनते. होंडाची एनएक्स ५०० जानेवारी २०२४ मध्ये पूर्ण तयार स्थितीत आयात होऊन ५.९० लाखांना आली. त्याआधी कमी किमतीचे अंदाज बांधणाऱ्यांनी इंजिनाची क्षमता बघितली, बंदराचा कर बघितला नाही. बीएमडब्ल्यूची ४५० टीव्हीएसच्या होसूर कारखान्याशी जोडलेली आहे, म्हणून तिच्या किमतीचा हिशेब वेगळ्या तऱ्हेने करावा लागतो. नव्या गाडीबद्दल 'कितीला येईल' विचारण्याआधी 'कुठे जुळेल' हे विचारा.

एक उदाहरण सोडवून: हिमालयन ७५०

चाचणीच्या फोटोंत रॉयल एनफील्डच्या या गाडीला पुढे दोन डिस्क दिसल्या आहेत. दोन डिस्क म्हणजे वजन आणि वेग दोन्ही जास्त, कल हायवेकडे. खड्ड्या-ओढ्यांसाठी हलकी गाडी हवी असणाऱ्याने ४५० सोडून हिची वाट बघण्यात अर्थ नाही.

वजनाचा खालचा आकडा घरच्याच गाडीवरून काढता येतो. इंटरसेप्टर ६५० दोन सिलिंडरची, १३.७ लिटर टाकीची आणि २१८ किलोची आहे. तिच्यावर मोठी टाकी, लांब फोर्क, दुसरी डिस्क, काच आणि सामानाची जागा चढवा. २२० च्या आत आकडा सांगणाऱ्याने वजन कुठून कमी होणार तेही सांगावं. ताकदीचं गणितही तिथूनच सुरू होतं. ६४८ सीसीचं इंजिन ४७ पीएस आणि ५२ न्यूटन मीटर देतं. क्षमता वाढली की टॉर्क साधारण त्याच प्रमाणात वाढतो, म्हणून ६० न्यूटन मीटरच्या आसपासचा आकडा पटण्यासारखा आहे, ७५ चा नाही. कर ४० टक्के, यात वाद नाही.

थांबायचं की घ्यायची

प्रवासाची तारीख आधी धरा. लेहची वारी जूनमध्ये असेल आणि गाडी अजून काळ्या ओबडधोबड प्लास्टिकमध्ये असेल, तर आज बाजारात आहे तीच घ्या. नवी गाडी एप्रिलमध्ये आली असं धरलं तरी बुकिंगची रांग, पहिली सर्व्हिस आणि पेट्यांचे स्टँड मिळेपर्यंत जून उलटतो. स्टँडचं तर मुद्दाम लक्षात ठेवा. बाहेरचे बनवणारे गाडी विकत घेऊन मापं काढतात, म्हणून लाँचनंतर दोन-तीन महिने काहीच मिळत नाही.

पहिल्या खेपेच्या गाड्यांत त्रास बहुधा बारीकसारीक असतात: मीटरच्या काचेत वाफ, सैल कनेक्टर, फोर्क सीलमधून तेल, कमी वेगात अडखळणारा थ्रॉटल, कूलंटच्या क्लॅम्पमधून गळती. गावात पाच किलोमीटरवर सर्व्हिस सेंटर असेल तर हे चालून जातं. स्पितीत काझाच्या पुढे नाही. नव्या मॉडेलची पहिली लांब वारी तीन हजार किलोमीटर आणि दोन सर्व्हिस झाल्यावरच काढा. क्लच केबल, ब्रेक पॅड आणि लिव्हरचा एक जोड शोरूममधून आधीच घेऊन ठेवा. पार्ट नंबर यंत्रणेत आला नसेल तर तेही तिथेच कळेल.

पल्ल्याचा हिशेब ब्रोशरच्या मायलेजवर करू नका. टाकीतून दोन लिटर वजा करा आणि उरलेल्याला भरल्या गाडीच्या मायलेजने गुणा. १७ लिटर आणि २८ चं मायलेज असेल तर ४२० किलोमीटर. साडेबारा लिटर आणि ३० असेल तर ३१५. मनाली-लेह वाटेवर टांडीच्या पंपाजवळची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर' ही पाटी कित्येकांनी फोटोत बघितली असेल. पहिल्या गाडीला ती पार करता येते, दुसरीला पाच लिटरचा कॅन लागतो.

नवं मॉडेल येणार हे पक्कं झालं की जुन्यावर सूट निघते, आणि ती घेण्यात काही कमीपणा नाही. फक्त तीन गोष्टी बघा. फ्रेमवरच्या पट्टीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा. सहा महिन्यांहून जुनी गाडी असेल तर बॅटरी आणि टायरच्या तारखाही तपासा. टायरवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकून रिकॉलचं, म्हणजे कंपनीने गाड्या परत बोलावून करायच्या दुरुस्तीचं, काम राहिलंय का ते बघा.

आणि लाँचआधी डीलर 'अनऑफिशियल' टोकन मागत असेल तर रोख देऊ नका. पावतीवर मॉडेलचं नाव, रक्कम आणि 'परत मिळण्याजोगी' हे शब्द लिहून घ्या. तो लिहून द्यायला तयार नसेल तर त्याच्याकडेही अजून तारीख आलेली नाही.